तुरटीचे सात वेढे

माणसाचे गुडघे दुखू लागले म्हणजे पृथ्वीवरील प्रत्येक चढाची त्याला नव्याने ओळख होते. जमील पिंजारी यांना पेठ रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या एकसष्ट मातीच्या बांधांची ओळख आताशा अशीच, गुडघ्यांच्या द्वारे होत असे. नाशिकच्या पाटबंधारे कचेरीत त्यांची तेहेतीस वर्षे सरली होती, निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि कचेरीची जीप गेल्या दिवाळीत दुरुस्तीला गेली होती ती गेलीच होती. म्हणून एसटीने फाट्यावर उतरावे, फाट्यापासून कुणाच्या तरी मोटारसायकलीवर मागे बसावे आणि उरलेली वाट पायांनी संपवावी, असा त्यांचा पावसाळा चालला होता.

या एकसष्टांपैकी अठरा बांध सरकारी. उरलेले त्रेचाळीस खाजगी, म्हणजे कुणी शेतकऱ्याने आपल्याच रानातल्या नाल्याला मातीची भिंत घालून आपल्यापुरते पाणी अडवलेले. सरकारी बांधाला चौकीदार असतो, वही असते, दुरुस्तीची मंजुरी असते. खाजगी बांधाला केवळ मालकाची मर्जी असते. तिथे जमीलभाईंनी जावे, पाहावे, सत्तावीस रकान्यांचा नमुना भरावा आणि काही वावगे दिसल्यास मालकाला सूचनापत्र द्यावे, एवढाच कचेरीचा हात पोहोचत होता. मालकाने ते पत्र वाचावे की त्यावर सुपारी कातरावी, हा मालकाचा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी असाच एक बांध फुटला होता. त्या मालकाला जमीलभाईंनी एकामागून एक तीन पत्रे पाठवली होती. चौकशी झाली तेव्हा तिन्ही पत्रांच्या प्रती जागच्या जागी सापडल्या, म्हणून साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. खालच्या गोठ्यातल्या अकरा म्हशींपैकी मात्र एकही जिवंत सापडली नाही. त्या थापेचा भार त्यांच्या पाठीवरून अजून उतरला नव्हता.

नमुन्यातल्या सत्तावीस रकान्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास पेलाभर पाण्यावर होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मुकादमाने त्यांना सांगितले होते, की मातीचा बांध पाझरणारच, त्यात भ्यायचे कारण नाही. पण पायथ्याशी उतरलेले पाणी उजेडात धरून पाहावे. स्वच्छ असेल तर ते नुसते पाणी आहे. गढूळ असेल तर ते बांधाच्या पोटातली माती खाऊन आलेले आहे. तेव्हापासून बांधाच्या पायथ्याशी जी विहीर असेल तिचे पाणी जमीलभाई प्यायला मागत, पेला क्षणभर सूर्यासमोर धरीत, आणि मग ओठाला लावीत. लोकांना वाटे, साहेबांना तहान फार. त्यांनीही खरे कारण कुणाला सांगितले नव्हते. सांगितले तर मालक दुसरीकडचे पाणी आणून देतील, असे ते स्वतःशी म्हणत. परंतु खरे सांगायचे तर त्यात थोडा गर्वही होता. रकाने कुणीही नवशिका भरील. ही विद्या मात्र आपली एकट्याची, असे त्यांना वाटत असे.

टेकवाडीच्या पुंजा गांगुर्डे यांचा बांध त्यांच्या फेरीत सर्वांत शेवटी येई. पुंजाबाबा चार वर्षांपूर्वी वारले होते. बांधाच्या आधाराने लावलेली सहा एकर द्राक्षबाग आता त्यांचा मुलगा योगेश सांभाळीत होता. घर बांधाच्या अंगाला उंचावर होते. खाली, नाल्याच्या काठाकाठाने, सुरगाण्याकडून मजुरीला येऊन स्थायिक झालेल्या लोकांची एकोणीस घरे होती. त्यांना खालची वस्ती म्हणत.

भाद्रपद संपत आला होता. तळे काठोकाठ भरले होते. पुढल्या दोन दिवसांत घाटमाथ्यावर जोराचा पाऊस होईल, असा निरोप सकाळीच सर्वांच्या मोबाइलवर येऊन पडला होता. जमीलभाईंचा त्या दिवसाचा हा चौथा बांध होता. दरवर्षी ते बांधाचा उतार उतरून पायथ्यापर्यंत जात. त्या दिवशी उतारावर कमरेइतके गवत माजले होते आणि गुडघे जाग्यावरूनच नको म्हणत होते. त्यांनी वरूनच एक नजर टाकली आणि ते पुंजाबाबांच्या विधवेच्या, कुसाबाईंच्या ओसरीवर येऊन टेकले.

"या साहेब, या," कुसाबाई आतूनच म्हणाल्या. "सकाळधरनं म्हणू राहिले, आज आपला पाणीवाला साहेब येईल."

"पाणीवाला?"

"मग काय! दुसरे येत्यात ते चहा मागत्यात, वर भजी हाय का इचारत्यात. तुम्ही आपलं पाणी मागता. गरिबाला परवडणारा साहेब."

त्यांनी फळीवरचा काचेचा पेला काढला. घरात बाकी सारे स्टीलचे. हा एक पेला जमीलभाईंसाठी म्हणून त्यांनी पंचवटीच्या बाजारातून आणून ठेवला होता. पेला भरून आला. जमीलभाईंनी तो सवयीप्रमाणे उजेडात धरला. पाणी आरशासारखे होते. ते प्याले, आणि दरवर्षीचे वाक्य बोलले, "आक्का, अख्ख्या तालुक्यात असं पाणी नाही."

कुसाबाईंचा चेहरा फुलला. हे वाक्य त्या वर्षभर गावाला ऐकवीत असत, याची जमीलभाईंना कल्पना होती.

त्यांनी पिशवीतून नमुना काढला. 'पायथ्याशी पाझर' या रकान्यात त्यांनी 'स्वच्छ' असे लिहिले, शेवटी 'स्थिती समाधानकारक' असे लिहिले, आणि खाली सही केली. मग घशाला अजून कोरड वाटली म्हणून त्यांनी पेला पुढे केला.

कुसाबाई हंड्याकडे वळल्या आणि थबकल्या. "जरा थांबा साहेब. हंडा खाली गेलाय. आता हात घातला तर गाळ ढवळल."

"गाळ?" जमीलभाई म्हणाले. "कसला गाळ?"

कुसाबाईंनी पदर सावरला. चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या त्या हसल्या. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. पंधरा-वीस दिवस झाले, हिरीचं पाणी जरा दुधट येऊ राहिलं. पावसाचं असंल. तुम्ही तर एवढं नाव घेता आमच्या पाण्याचं, तुम्हाला तसलं कसं देऊ? मी रातीच तुरटी फिरवून ठिवली. सकाळी बघा, कसं निवळशंख झालं!"

हातातला पेला जमीलभाईंनी खाली ठेवला, तो कुठे ठेवला हे त्यांना नंतर आठवले नाही. तेहेतीस वर्षे जी विद्या त्यांनी कुलपात ठेवली होती, तिनेच आज त्यांना फसवले होते. कुसाबाईंना कारण ठाऊक असते तर पहिल्याच दिवशी त्यांनी फाट्यावर माणूस धाडला असता. कारण ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते फक्त कौतुक. आणि कौतुक करणाऱ्या पाहुण्यापुढे गढूळ पाणी ठेवणे हे त्या माउलीच्या बुद्धीला पाप वाटले होते. दोष कुणाचा, हे शोधायला पंचांची गरज नव्हती.

"आक्का, तुरटीचे वेढे किती देता?"

"म्हंजी?"

"पाण्यात तुरटी किती वेळा फिरवता? सुरुवातीला किती, आता किती?"

कुसाबाईंनी आठवत बोटांवर मोजले. "पयल्या दिवसांत एक वेढा दिला का भागायचं. गणपती बुडवले तवा तीन. आता सात देती, तरी सकाळपातूर वाट बघावी लागती. काबर हो?"

जमीलभाईंनी हंड्यातले वरचे पाणी हलकेच ओतून दिले आणि तळाचा गाळ तळहातावर घेतला. बांध बाहेरून पिवळ्या मुरमाचा होता. हातावरचा गाळ काळा होता, लोण्यासारखा मऊ होता.

कुसाबाईंनी वाकून पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "ही तर गावतळ्याची माती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाय कळणार? ह्यांनी बांधाच्या पोटात घालायला आणली व्हती, चिकट पाहिजे म्हणून. दोन उन्हाळे मी घमेल्यानं वाहिली. डोक्यावरचे केस गेले तवा." त्यांनी बोटाने तो गाळ चाचपला. "ही इथं कशी आली?"

गुडघ्यांना न विचारता जमीलभाई उतार उतरले. विहिरीच्या कठड्यापासून तीसेक पावलांवर, गवतात, मनगटाएवढा एक झरा वर येत होता आणि त्याच्या भोवती मुंग्यांच्या वारुळासारखे काळ्या मातीचे बारीक कडे साठले होते. ते कडे ताजे होते. जमीलभाई तिथेच गवतात बसले आणि त्यांनी साहेबांना फोन लावला.

साहेबांनी सारे ऐकून घेतले. "पिंजारी, बांध खाजगी आहे ना?"

"होय साहेब."

"मग लेखी द्या. मालकाला सूचनापत्र, तहसीलला प्रत."

"साहेब, पत्र टाइप होऊन पोहोचेपर्यंत चार दिवस जातील. पाऊस उद्या-परवा आहे. खाली एकोणीस घरं आहेत."

"तुम्ही आज नमुन्यात काय लिहिलंत?"

जमीलभाईंनी खरे ते सांगितले.

"आजच 'स्वच्छ' आणि आजच 'धोका'. यातलं मी काय धरू? मालकाला समजावून पाहा. ऐकलं तर उत्तम." साहेब वाईट नव्हते. तेही त्रेचाळीस बांधांना आणि एका बिघडलेल्या जीपला कंटाळलेले होते.

योगेश बागेतून आला तो औषध फवारणीचा वास घेऊनच आला. त्याच्याबरोबर दोन मजूर होते. झरा पाहून तो म्हणाला, "एवढंच ना? चार घमेली चिखल आणा रे, बुजवून टाकू."

"बुजवू नका!" जमीलभाई ओरडले. "इथं तोंड बांधलं तर ते दुसरीकडं फोडील. पाणी येऊ द्या, माती अडवा. आधी रेती टाका, तिच्यावर खडी. आणि योगेशभाऊ, आजच्या आज तळं उतरवावं लागेल."

"उतरवावं म्हंजी?"

"सांडवा खोदून पाणी सोडावं लागेल. निदान सहा फूट."

सांडवा म्हणजे तळे भरल्यावर जास्तीचे पाणी ज्या वाटेने निघून जाते ती बगलेतली चर. पुंजाबाबांनी ती शहाणपणाने कठीण मुरमात, बांधापासून अलग काढली होती. ती खोल केली तर बांधाला न दुखवता पाणी उतरले असते.

योगेश हसला. "भाऊसाहेब, पुढल्या महिन्यात छाटणी हाय. छाटणीपासून मार्चपातूर बाग ह्याच पाण्यावर जगती. सहा फूट सोडलं तर खाली उरतंय काय, बेडूक?"

"मला कळतं ते."

"तुम्हाला काय कळतं राव! दरसाल येता, पाणी पिता, सही करता, जाता. माझा बाप व्हता तवा कधी काही दिसलं नाय. आज एकदम भूत दिसलं? येताना ओसरीवरला तो कागद बघितला मी. त्याच्यावर तुमचीच सही हाय, 'समाधानकारक'. शाईबी वाळली नाय अजून."

"ती सही चुकली."

"मग ही खोदायची गोष्टबी चुकली असंल! उद्या काय म्हणाल?"

आपल्याला कुठलाच अधिकार नाही, आणि मघाची सही आपल्याविरुद्ध साक्ष देत आहे, एवढेच जमीलभाईंना समजत होते. फाट्यावरची साडेचारची एसटी गाठता आली असती. पत्र लिहिता आले असते. त्याची प्रत जागच्या जागी ठेवता आली असती. हा विचार त्यांच्या मनात आला, हे त्यांनी पुढे कुणापाशी नाकारले नाही.

तेवढ्यात कुसाबाई हंडा काखेला लावून उतार उतरून आल्या. त्यांनी तो लेकाच्या पायांपाशी ठेवला.

"हात घाल."

"आई, तू कशाला आलीस खाली?"

"हात घाल म्हणते ना!"

योगेशने हात घातला. त्याची बोटे काळी झाली.

"एक वेढा लागायचा तिथं सात लागू राहिले. तुझ्या बापानं पोटात घातलेली माती मी रोज तुरटीनं खाली बसवू राहिले आन् चुलीमागं फेकू राहिले. मला अक्कल नाय म्हणून. तुला तर शिकवलाय ना?"

"आई, बाग जाईल."

"जाईल."

"हे बाबांचं धरण हाय!"

"आन् ती माती माझ्या डोक्यावरची हाय," कुसाबाई म्हणाल्या. "आपल्या बागेत राबती ती मैना बाळंतीण हाय तिथं खाली. तिला काय सांगू, की बाग वाचवली? तू मशीन बोलाव, नाय तर मी कुदळ घेऊन जाती. लोक हसतील तर तुला हसतील."

योगेशने एकदा तळ्याकडे पाहिले. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. गावात कुणाच्या तरी घराचा पाया खणत असलेला जेसीबी तासाभरात आला.

दुपारी तीन वाजता सांडव्यात पहिला दात बसला. मजुरांनी झऱ्यावर रेती आणि खडी पसरली. खालच्या वस्तीला शाळेत जायला सांगितले, तेव्हा तिथल्या बायका जमीलभाईंवरच तुटून पडल्या. चुलीवर भात होता, कोंबड्या कुणी बघायच्या, आणि बांध फुटायचाच असेल तर पगाराच्या आदल्या दिवशीच का फुटतो, असे त्यांचे रास्त प्रश्न होते. अखेर शिव्या देत देत, गोधड्या डोक्यावर घेऊन त्या चढ चढल्या. मैनाला कुसाबाईंनी आपल्याच घरी ठेवून घेतले. दिवस मावळेपर्यंत तळे दोन फूट उतरले होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा फूट. योगेश दोन्ही दिवस सांडव्याच्या काठावर बसून होता. जात्या पाण्याकडे तो असा बघत होता, की जमीलभाईंना त्याच्या शेजारी उभे राहवेना आणि दूरही जाववेना.

पाऊस आलाच नाही. म्हणजे आला, परंतु तो घाटमाथ्यावरून पलीकडे वळला. टेकवाडीवर नुसती भुरभुर झाली. खालच्या वस्तीतले लोक तिसऱ्या दिवशी ओल्या गोधड्या घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या चार कोंबड्या मुंगसाने नेलेल्या होत्या. पाणी उतरल्यावर झराही थांबला आणि विहीरही तळाला गेली. तळाचे पाणी कुठल्याही विहिरीत गढूळच असते. त्यामुळे आता कुणाला दाखवावे असे काही उरले नाही.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. योगेशने तक्रार केली. कचेरीने जमीलभाईंकडे खुलासा मागवला: त्याच दिनांकाच्या नमुन्यात 'समाधानकारक' असे लिहिल्यानंतर, वरिष्ठांची लेखी मंजुरी नसताना, खाजगी मालमत्तेतील पाणी सोडण्यास आपण कोणत्या आधारावर प्रवृत्त केले? जमीलभाईंनी आठ रात्री कागद पुढे ठेवून घालवल्या. शेवटी त्यांनी सारे जसेच्या तसे लिहिले, आपला पेला, आपला गर्व, तुरटीचे वेढे, हंड्यातली माती. साहेबांनी तो खुलासा दोनदा वाचला आणि विचारले, "पिंजारी, यात तांत्रिक आधार कुठला धरू?" निवृत्तीच्या कागदांना तो खुलासा एका टाचणीने जोडून ठेवण्यात आला.

दसऱ्यानंतर, दुरुस्तीची पाहणी म्हणून जमीलभाई पुन्हा टेकवाडीला गेले. बांध पायथ्याशी उघडला होता. दहाबारा माणसे आत खोल चर खणत होती आणि योगेश काठावर उभा होता. बागेच्या निम्म्या ओळी त्याने छाटल्याच नव्हत्या.

"तुम्ही म्हणाला म्हणून नाय हे," तो नमस्कारही न करता म्हणाला. "आई नीट जेवत नाय म्हणून करू राहिलो."

जमीलभाई चरीत उतरले. माती कुठे ओली होती, कुठे सैल होती. पण ज्याच्याकडे बोट दाखवून 'हेच ते' म्हणावे, असे भोक कुठेच दिसत नव्हते. पाणी उतरताना माती आपल्याच जागी बसते. ते वर आले तेव्हा योगेश वाट बघतच होता.

"खरं सांगा भाऊसाहेब. फुटला असता का?"

असत्य बोलण्याचा मोह जमीलभाईंना झाला. 'नक्की फुटला असता' हे तीन शब्द त्या तरुणाच्या तीन एकरांचे समाधान करू शकले असते. कदाचित स्वतः जमीलभाईंचेही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

योगेशने मान वळवली. "सगळं सोडायला लावलं, आन् तुम्हाला माहीत नाय!"

"नाही. काळी माती बाहेर येत होती आणि रोज वाढत होती, एवढंच मला माहीत होतं. पुढचं बघायला मी थांबलो नाही."

योगेश जाऊन मोटारसायकल घेऊन आला आणि इंजिन चालू ठेवून उभा राहिला. दारी आलेल्या माणसाला फाट्यापर्यंत पायी जाऊ देणे त्या घरात बसत नव्हते, मग तो माणूस कुणीही असो. जमीलभाई मागे बसले.

वाट खालच्या वस्तीतून जात होती. तिथे एका बाईने अर्ध्या रस्त्यावर नवी नागली, म्हणजे नाचणी, वाळत घातली होती, आणि मोटारसायकलीचे पुढचे चाक तिच्या कडेवरून गेले.

"ए आंधळ्या!" ती घरातून सूप घेऊन धावली. "डोळे बागेत ठिवून आला काय? मालक असशील तुझ्या घरचा! पुन्हा इकडून गाडी घातली तर चाकातली हवाच काढीन!"

योगेशने गाडी थांबवली, पाय टेकवून मागे घेतली, आणि नागलीला वळसा घालण्यासाठी ती शेजारच्या कुंपणाला घासत, अगदी हळू, पुढे काढली. बाई मागून ओरडतच होती. दाराशी बसलेली मैना मूल मांडीवर घेऊन तिला हसत होती.